पांढरा पडलेला मोहोर

धानोरा, १२ फेब्रुवारी, संध्याकाळ

मेहुण्याच्या आमराईत मोहोरावर भुरीची पांढरी बुरशी चढली आहे. बोट फिरवलं तर बोटाला पीठ. आणि हा शहाणा त्या पिठावर सॅलिसिलिक आम्ल फवारून राह्यला! अरे, ते बुरशीचं औषध नाही, झाडाचंच संप्रेरक आहे. रोगाआधी दिलं तर झाड सावध होतं, अंगची ताकद जमवतं. चोर घरात जेवायला बसल्यावर कुलूप लावून काय उपयोग?

"भाऊजी, तुमीच तं मारायले सांगतलं होतं."

होय, मिलिग्रॅमसकट लिहून दिलं होतं. एवढ्या पिठापुढे आता भुरीचं खरं औषध, गंधकही अपुरंच. यंदाचा आंबा गेला. अडाणी लेकाचा!

डिसेंबरात मात्र त्यानं विचारलं होतं, "भाऊजी, कवा मारू?" मी म्हणालो, "आधी चार पुस्तकं वाच, मंग इचार."