एका ताऱ्याविरुद्धचा लढा

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून लढा.
बायको मागच्या खोलीत खुर्चीवर घालायच्या गाद्या शिवते आणि एका ऑनलाइन दुकानात विकते. आठ रिव्ह्यू, सव्वाचार तारे. काल नववा रिव्ह्यू आला. एक तारा. 'दुसऱ्याच दिवशी बंद तुटला. गादी घसरली, पाठोपाठ मीही.' लिहिणारी कोणी बाई आहे. तिचं नाव मी या वहीत लिहिणार नाही. एकतारी म्हणेन.
रेटिंग तीन पूर्णांक नऊ. आणि वीस तारखेला ग्रंथालयाची समिती आमचं पान बघणार. वाचनकक्षासाठी साठ गाद्या. ग्रंथपाल बाईंनी स्पष्ट सांगितलंय, चारच्या खाली असाल तर समिती ऐकणार नाही. बायकोची पहिली मोठी ऑर्डर. साठांचं कापड तिने आधीच बेतून ठेवलंय.
बायको म्हणाली, चूक माझीच, त्या बंदावर एकच टीप मारली होती. मी म्हणालो, चूक कबूल करणं ही गुलामगिरीची पहिली पायरी. ती म्हणाली, अहो, बंद तुटलाय, देश नाही.
अठ्ठावीस वर्षं कर्मचारी संघटनेचा सरचिटणीस होतो. प्रकरण मी हातात घेतलं आहे.
संकल्प: शांत राहणे. मुद्देसूद लिहिणे. चहा कमी.

४ मार्च, दुपारी
एकतारीच्या रिव्ह्यूखाली विक्रेत्याचं जाहीर उत्तर टाकलं. नऊशे चाळीस शब्द. सुरुवात अभिव्यक्तिस्वातंत्र्यापासून केली, चौथ्या परिच्छेदात गादीवर आलो. 'आपण खुर्चीवर बसता की आदळता?' काय वाक्य आहे! यावर सभेत टाळ्या थांबल्या नसत्या.
बायकोला वाचून दाखवलं. तिने मशीन थांबवलं नाही. मूक संमती.
चहा: पाच. लेखनाचं काम होतं.

५ मार्च
उत्तर उडवलं! कारण काय, तर 'व्यक्तीवर टीका'. खाली सही: मॉडरेशन टीम.
कोण ही टीम? कोणी निवडून दिलं यांना? आरोपीला सुनावणी नाही, न्यायाधीशाला चेहरा नाही, निकालाला दीड ओळ! त्या बाईने आमच्या घराची अब्रू भर बाजारात टांगली तर तो ग्राहकाचा हक्क, आणि मी तोंड उघडलं तर गुन्हा. बिनचेहऱ्याचे हुकूमशहा. संघटनेच्या काळात असल्यांना मी गेटवर उभं केलं असतं, उन्हात.
बायको म्हणाली, मागच्या वर्षी तुम्ही त्या इस्त्रीला एक तारा दिला होता, खोक्यातून बाहेरही न काढता. ते वेगळं. ते लोकशिक्षण होतं.

६ मार्च
बायकोने पार्सल बांधलं. कोणाचं, विचारलं नाही. मला फुटकळ गोष्टींत लक्ष घालायला वेळ नाही.

८ मार्च, सकाळी ११
जनआंदोलन. सात नातेवाइकांना पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू लिहायला सांगितलं. त्यांनी गाद्या घेतलेल्या नाहीत, पण घेतल्या असत्या तर आवडल्याच असत्या. म्हणजे हे खोटे रिव्ह्यू नव्हेत. आगाऊ रिव्ह्यू. मजकूर मीच तयार करून पाठवला.

८ मार्च, दुपारी १२
सातही उडवले. एकाही गाढवाने शब्द बदलला नव्हता. मेहुण्याने तर 'वरील मजकूर आपापल्या शब्दांत लिहावा, स्वल्पविरामही बदलावेत' ही माझी सूचनासुद्धा रिव्ह्यूत चिकटवली. फोनवर म्हणतो, भाऊजी, तुमच्या शब्दाबाहेर मी आजवर कधी गेलोय का? याला मी संघटनेत वर्गणी गोळा करायलासुद्धा ठेवला नसता.
दुकानाला ताकीद आली आहे. बायकोला सांगायचं नाही असं ठरवलं.

८ मार्च, दुपारी १२.२०
मेहुण्याने बहिणीला सांगितलं. बायकोने शिवणाची कात्री टेबलावर आपटली. मी शांत राहिलो. (संकल्प क्रमांक एक.)

११ मार्च
नियमावली वाचली. अडतीस पानं. ही जनता वाचत नाही म्हणून तिच्यावर राज्य होतं.
पान एकोणतीसवर हत्यार सापडलं. विक्रेता आणि रिव्ह्यू लिहिणारा यांच्यात फुकट काही देणंघेणं झालं, तर तो रिव्ह्यू रद्द आणि दुकान तीस दिवस बंद. कडक नियम. असाच हवा. एकतारीला कुठल्यातरी प्रतिस्पर्धी गादीवाल्याने फुकट गाद्या दिल्या असणार, त्याशिवाय कोणी एवढं चांगलं पडत नाही.
रीतसर तक्रार केली. मुद्दे अकरा. अकराव्यात लिहिलं: 'या रिव्ह्यूमागे देवघेव असल्याचा दाट संशय आहे. आमच्या दुकानासकट सर्वांचे संदेश आणि पार्सलं तपासावीत. आम्हाला लपवण्यासारखं काही नाही.' स्वच्छ माणूसच असं लिहू शकतो.
बायकोला दहा मुद्दे वाचून दाखवले. अकराव्याआधी ती उठून गेली.

१४ मार्च
उत्तर नाही. घाबरले.

१७ मार्च, सकाळी ९
रेटिंग चार पूर्णांक तीन!
एकतारीने रिव्ह्यू बदलला. पाच तारे, फोटोसकट. 'तक्रार केली तर विक्रेतीने दोन ओळींत माफी मागितली आणि न मागता नवी गादी पाठवली. पैसे नाहीत, जुनी परत नको. या बंदाला दुहेरी टीप आहे. आता पडायचं म्हटलं तरी पडता येत नाही.'
बायकोला म्हणालो, बघ, माझ्या दबावाचा परिणाम. ती हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, हो हो, तुमचाच. ग्रंथपाल बाईंचाही फोन आला, आता काळजी नाही म्हणाल्या. बायकोने लगेच मशीनला तेल घातलं.
जेवताना तिने विचारलं, ती तक्रार मागे घेतलीत ना? मी म्हणालो, बघतो. तक्रार म्हणजे काय शर्ट आहे, घातला आणि काढला? तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय मागे घेण्याचं बटण कुठे आहे ते सापडलं नाही.

१९ मार्च, दुपारी १२.१०
विजय! निर्भेळ विजय! 'आपली तक्रार तपासली असता मुद्दा क्रमांक अकरा ग्राह्य आढळला. संबंधित रिव्ह्यू काढून टाकण्यात येत आहे.' एवढ्या मोठ्या कंपनीला एका माणसाने, एका लेखणीने वाकवलं! मागच्या खोलीत धावत गेलो आणि खुर्चीवर उभं राहून मेल वाचला.

१९ मार्च, दुपारी १२.१५
बायको म्हणाली, खाली उतरा आणि पुढचंही वाचा.
मेलला दुसरा परिच्छेद होता.

१९ मार्च, दुपारी १२.४०
सहा तारखेचं पार्सल एकतारीचंच होतं. चौकशीत सापडलं. पान एकोणतीस लागू. तीस दिवस.
बायकोला समजावलं की नियम मुळात चांगला आहे, फक्त अंमलबजावणी चुकली. तिने विचारलं, पार्सलं तपासा असं त्यांना कोणी सांगितलं? या प्रश्नाला अनेक बाजू आहेत. मी त्या मांडायला सुरुवात केली. ती खोलीत नव्हती.

२० मार्च
समितीने पान उघडलं. 'हे दुकान सध्या उपलब्ध नाही.' ग्रंथपाल बाईंचा फोन आला. बायको दोन मिनिटं बोलली. समजतं हो, तुमचा काय दोष, एवढंच ऐकू आलं. मग तिने साठांचं कापड घड्या घालून कपाटात वर ठेवलं. स्टूल धरायला गेलो. म्हणाली, राहू दे, तुम्ही हात लावू नका.
ग्रंथपाल बाईंना समितीसाठी निवेदन लिहून देतो म्हणालो. तिने माझ्या हातातला फोन काढून घेतला.

२१ मार्च, सकाळी १०
दुकान पुन्हा उघडण्यासाठी अर्ज असतो. एकच रकाना. 'आपल्याकडून नेमकं काय चुकलं? शंभर अक्षरांत लिहा.' शंभर अक्षरांत! ही मुस्कटदाबीच आहे. प्रस्तावनेलाच मला चारशे लागली.
बायकोने मला उठवलं, स्वतः बसली, माझं सगळं खोडलं. तीन अक्षरं लिहिली आणि पाठवून दिलं.
'नवरा.'

२१ मार्च, सकाळी १०.२०
अर्ज मंजूर. 'कारण समाधानकारक, अधिक खुलाशाची गरज नाही,' असा त्यांचा शेरा आहे.