दवाखान्याची वेळ

४ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आशीर्वाद.

त्या दिवशीही पाणी भरून झालं होतं, अंथरुणं आवरली होती, मी ओटा पुसत होते. शर्टाची बटणं लावता लावता हे म्हणाले, डोकं जड झालंय. मी सरकारी दवाखान्यात जा म्हटलं. त्यावर हसून म्हणाले, तो माझ्याच पाळीला उघडतो आणि माझ्याआधी सुटतो. दुपारी कारखान्यातून माणूस हे गेल्याचा निरोप घेऊन आला. ह्यांचा रक्तदाब कधी कुणी मोजलाच नव्हता. सहा वर्षं झाली, तरी ओटा पुसताना हे बटणं लावत उभे असतात.

आज ते आठवायला कारण झालं. आम्ही बायका शिवणवर्गाच्या खोलीत वस्तीचा दवाखाना चालवतो ना, त्याला आता सरकार डॉक्टर, औषधं, तपासण्या देणार. खोली आणि राबणं आमचं. सगळ्या हरखल्यात. मी मात्र उशिरा वाचायला शिकलेली, कागद बोट ठेवून शेवटपर्यंत वाचते. कराराच्या तिसऱ्या पानावर वेळ लिहिली आहे, नऊ ते चार. म्हणजे पुन्हा तेच! आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणतात, मिळतंय ते घे, फाटे फोडू नकोस. सोमवारी संध्याकाळी सात वाजता सगळ्यांसमोर सह्या आहेत. काय करू?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

माझी पाटी पळवून अक्षरं गिरवायचीस आणि पकडली गेलीस की वर माझ्याशीच भांडायचीस. आता भांडायला सरकारी साहेब मिळालाय तर मागे सरतेस? भावोजी असते तर पुढच्या बाकावर बसून गालात हसले असते.

आणि तू स्वतःचा रक्तदाब मोजलास का? मी दर पत्रात विचारतो, तू दर पत्रात हवापाण्यावर येतेस.

रागव, पण लिहीत जा.
तुझा धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आशीर्वाद.

जिंकलो रे!

सह्यांच्या वेळी साहेबांनी पेन उघडलं आणि मी उभी राहिले. ह्यांची गोष्ट काही तोंडून निघाली नाही. एवढंच म्हटलं, चारच्या आत ज्यांचं काम सुटतं त्यांनी हात वर करा. खोली गच्च भरली होती. दोनच हात वर गेले, साहेबांचा आणि त्यांच्या कारकुनाचा. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी खोली हसली, शेवटी साहेबसुद्धा. वरून मंजुरी लागेल म्हणाले. तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंनीच पेनाला टोपण लावून ते त्यांच्या हाती परत दिलं आणि तोवर आम्ही थांबतो म्हणाल्या. अकरा दिवसांत कागद आला, दुपारी दोन ते रात्री नऊ.

परवा नव्या वेळेने दवाखाना सुरू झाला. सात वाजता रांग जिन्याखाली पोचली. ह्यांच्याच पाळीतला एक वेल्डर डोकं जड झालं म्हणून आला. रक्तदाब भलताच चढलेला. डॉक्टरबाईंनी औषध दिलं, उतरेपर्यंत बसवून ठेवलं. मग तो बायकोबरोबर चालत घरी गेला. वहीत त्याचं नाव लिहिलं आणि बोट ठेवून पुन्हा वाचलं.

भांडायला शिकवलंस, आता कौतुकही कर.
तुझी ताई

ता. क. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. रक्तदाब मोजायची मला भीती वाटायची. काल मी रांगेत उभी राहिले आणि दंड पुढे केला.