अथेन्सच्या पराभवात चंचलचा दोष नाही

मी, लोटू दगा बोरसे, वय वर्षे एकसष्ट, धंदा लूम दुरुस्त करणारा मास्तर (आता बसून), मूळ तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हल्ली राहणार पर्वत पाटिया, सुरत, आज रविवारी दुपारी जेवण होऊन, शुद्धीत बसून हे सांगत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, कारण घरात दबाव आणणारी एकच व्यक्ती, माझी पत्नी सुंदरा, ती कालपासून बारडोलीला आमच्या मुलीकडे, जयश्रीकडे गेलेली आहे. मी मुद्दाम हाच दिवस निवडला.

माझा हात कापतो, म्हणून मी सांगतो आहे आणि लिहून घेत आहे माझी सून चंचल गजेंद्र बोरसे, माहेरची देवरे. ती मला मामा म्हणते, बारावी पास आहे व अक्षर चांगले आहे. ज्याच्या नावावर घर करायचे त्यानेच लिहू नये असे वकिलाचे म्हणणे पडले. मी त्यांना म्हटले, दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचे असते तर हा कागदच करायला नको होता. साक्षीदार दोन आहेत आणि ते बाहेर ओट्यावर बसले आहेत.

माझा एकुलता मुलगा गजेंद्र १७ एप्रिल १९९६ रोजी ग्रीस देशात अथेन्सजवळच्या पिरिअस बंदरावर जहाजातून उतरला आणि परत चढला नाही. त्याची बायको, म्हणजे हे लिहिणारी, आज सव्वीस वर्षांची आहे आणि दोन वर्षे वाट पाहत आहे. तिने वाट पाहावी की पाहू नये, हे या कागदातून मोकळे करायचे आहे. बाकीची कलमे त्यामानाने किरकोळ आहेत, पण ती आधी उरकतो.

कलम १. पोस्टातले पुस्तक सुंदराचे. त्यावर नाव तिचेच आहे, मी फक्त पुन्हा सांगतो.

कलम २. माझी पान्यांची लोखंडी पेटी कारखान्यातल्या वाल्मिकला द्यावी. चौदा नंबरचा पाना त्याने सहा वर्षांपूर्वी पाच मिनिटांसाठी नेला होता. तो परत मागू नये. बाकीच्या पान्यांनाही त्याच्याकडे पाठवून द्यावे, म्हणजे सगळे एकत्र राहतील.

कलम ३. माझा साडू मगन यास काही नाही. त्यानेच मुंबईचा एजंट आणला. गजेंद्र इच्छापोरला ठेक्यावर वेल्डिंग करत होता, डोळे लाल करून घरी यायचा, पण यायचा. मगन म्हणाला, जहाजावर जाऊ दे, माणूस होईल. ९४ साली सुरतेत प्लेगची पळापळ झाली, आम्ही सगळे गावी पळालो आणि हा पोरगा लग्नाला चार महिने झालेले असताना मुंबईला जाऊन जहाजावर चढला. हो म्हणणारा मीच होतो, हेही लिहावे. मगनला माझ्या दहाव्याला बोलवावे, जेवू घालावे आणि त्या दिवशी कोणी त्याला काही बोलू नये. बोलायचे ते मी वर बोललो.

कलम ४. देवाजवळ लावलेले हिरवे निशाण. याला जरा जास्त जागा लागेल.

गजेंद्रचे जहाज ९५ साली दुरुस्तीला त्या बंदरात लागले आणि महिनोन्‌महिने तिथेच राहिले. जहाजावरचा स्वयंपाकी अथेन्सचा. तो पॅनाथिनायकोस नावाच्या फुटबॉल क्लबाचा वेडा होता. पिरिअसच्या गल्ल्यांत राज्य दुसऱ्याच क्लबाचे, पण आमचे चिरंजीव स्वयंपाक्याच्या नादाने तिथेच हिरवे निशाण घेऊन फिरत. तसलेच एक त्याने घरी पाठवले. हिरवे कापड, त्यावर पांढरे तीन पानांचे चिन्ह.

सुंदराने ते उलगडले, कपाळाला लावले आणि म्हणाली, "हाई तं बेलनं पान शे. पोऱ्या महादेवनी सावलीमा शे." निशाण देवाजवळ गेले. त्या दिवसापासून तो क्लब आमच्या घरचा झाला. सुंदराने बोलून ठेवले, हे लोक शेवटपर्यंत जिंकले तर गजेंद्र घरी येईल. क्लबाच्या सामन्याच्या दिवशी चंचलने उपास करायचा आणि पाटियाच्या महादेवाला बेल वाहायचा. उपास सुनेने का आणि सासूने का नाही, हे मी विचारले नाही.

परदेशातल्या सामन्यांचा निकाल दोन दिवसांनी गुजराती छाप्यात, म्हणजे वर्तमानपत्रात, कोपऱ्यात एका ओळीत यायचा. आमच्या गल्लीतल्या बळीरामच्या दुकानात छापा यायचा, चंचल वाचायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. त्यांच्या देशातल्या सामन्यांची खबर मात्र गजेंद्रच्या पत्रातूनच कळे. युरोपच्या कपात फ्रान्स, पोर्तुगाल, डेन्मार्क इथल्या क्लबांच्या गटात हे लोक पहिले आले. मार्चमध्ये पोलंडच्या क्लबाशी तिकडे बरोबरी, आणि घरी तीन गोलांनी जिंकले. सुंदराने पेढे वाटले. शेजारची गुजराती बाई विचारू लागली, छोकरो आव्यो के शुं? सुंदरा म्हणाली, येणार आहे.

आता खरे ते सांगतो. गजेंद्रने एका पत्रात लिहिले होते की ते बेलाचे पान नाही. तिकडचे गवत आहे, आपल्या लसूणघासासारखे, गुरे खातात. चंचलने पत्र मोठ्याने वाचताना ती ओळ गाळली, सासूचे मन मोडू नये म्हणून. मी पत्र नंतर स्वतः वाचले, मला ती ओळ दिसली आणि मीही गप्प बसलो. म्हणजे घरात दोघांना ठाऊक होते की आपण गुरांच्या चाऱ्यावर नवस करून बसलो आहोत. (लिहिणारी इथे थोडी हसली आहे. बऱ्याच महिन्यांनी हसली, म्हणून नोंद करवतो.)

निशाण जयश्रीला द्यावे. तिने त्याचे काहीही करावे, फक्त देवाजवळ लावू नये.

कलम ५. मी जाहीर करतो की १७ एप्रिल १९९६ रोजी अथेन्स येथे पॅनाथिनायकोस क्लब हॉलंडच्या आयाक्स क्लबाकडून तीन-शून्य असा हरला, यात माझी सून चंचल हिचा काडीचाही दोष नाही.

झाले असे. दोन आठवड्यांपूर्वी हेच लोक हॉलंडला जाऊन एक-शून्य जिंकून आले होते. शेवटची दोनतीन मिनिटे उरली असताना गोल झाला. आता घरच्या मैदानावर नुसते टिकून राहिले असते तरी अंतिम सामन्यात गेले असते. गजेंद्रने आधीच कळवले होते की त्या दिवशी सुट्टी मिळाली आहे, स्वयंपाक्याबरोबर स्टेडियममध्ये जाणार. तो बुधवार चैत्राच्या अमावास्येचा होता. अमावास्येला बेल तोडत नाहीत, आदल्या दिवशी तोडून ठेवायचा, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक. चंचल त्या आठवड्यात साड्यांना टिकल्या चिकटवायचे काम घरी आणून करत होती, तिला तिथीचे भान राहिले नाही आणि तिने त्याच सकाळी झाडावरून बेल तोडला.

शुक्रवारी छाप्यात तीन-शून्य आले. जूनमध्ये कंपनीचे इंग्रजी पत्र आले की खलाशी १७ तारखेला किनाऱ्यावर गेला तो परतला नाही, जहाज १९ तारखेला निघाले, यापुढे आमची जबाबदारी नाही. सुंदराने दोन्ही तारखा जुळवल्या. चुलीपुढे बसलेल्या चंचलला ती म्हणाली, "तुन्हामुये हारनात त्या. तीन पानं तोडात तू, तीन गोल व्हयनात." ते बेल नव्हतेच, घास होता, एवढे चंचल म्हणाली असती तरी पुरे होते. तीही म्हणाली नाही आणि मीही म्हणालो नाही. मी पोळी खात होतो, ती खाऊन उठलो.

त्यानंतर दोन वर्षे ही पोर दर सोमवारी उपास करते आहे. हॉलंडचे लोक चांगले खेळले म्हणून जिंकले. याहून दुसरे कारण नाही. हे कलम सुंदराला दोनदा वाचून दाखवावे.

कलम ६. त्याच हंगामात हा क्लब आपल्या देशात पहिला आला. बाहेर हरले, घरी जिंकले. ही बातमी आमच्या घरात कोणालाच नाही. ती मला कशी कळली ते कलम ८ मध्ये येईल.

कलम ७. पर्वत पाटियाचे घर, एक खोली, माळा, मोरी व पुढचा ओटा. सुंदरा आहे तोवर तिने राहावे. तिच्यामागे पूर्ण घर चंचलचे. तिने पाट लावला तरी तिचेच, दुसऱ्या नवऱ्याला घेऊन राहिली तरी तिचेच. जातीतल्या कोणी यावर बैठक बसवली तर चहासुद्धा देऊ नये.

(चंचलने इथे लेखणी खाली ठेवली. म्हणाली, "मामा, पाट कसा लागी? त्या जित्ता शेत का नही, कोनले माहीत?" मी म्हटले, लिही पुढे, कलम आठ.)

कलम ८. मागच्या पावसाळ्यात मी चंचलला घेऊन वकिलाकडे गेलो होतो. वकील सांगत होते, "काका, सात वरस राह जोवी पडे. जीवे छे के नथी, कोईने खबर नथी." सात वर्षे कोणाला खबर नसेल तर माणूस मेला असे धरतात. आणि जिवंत असून सोडून गेला असा पुरावा असेल तर सात वर्षे न थांबता कोर्टात सुटका मागता येते. चंचल हे सगळे खाली मान घालून ऐकत होती. परत येताना रिक्षात म्हणाली, सात म्हणजे अजून सहा.

त्या वेळी पुरावा माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होता.

९ मे १९९७ रोजी बळीरामच्या दुकानाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाकीट आले. अक्षर गजेंद्रचे. बळीरामने ते न उघडता मला दिले व आजवर एका शब्दाने विचारले नाही, याबद्दल त्याचे उपकार. पत्रातला मजकूर पाठ आहे, तो सांगतो.

"बाबा, मी जिवंत आहे. त्या दिवशी तीन गोल खाल्ले, तरी लोक जागचे उठले नाहीत, गात बसले. मला वाटले, हरल्यावरही इथे कोणी कोणाला विचारत नाही की चूक कोणाची. मी जहाजावर गेलो नाही. पुढच्या महिन्यात आमचा क्लब देशात पहिला आला. मी टोमॅटोच्या शेतात काम करतो. इथे एका बाईबरोबर राहतो. मुलगी झाली आहे. मी परत येणार नाही. आईला सांगू नका, ती सहन करणार नाही. पण चंचलला सांगा, माझी वाट पाहू नको. एवढे माझ्यासाठी करा."

एवढेही मी केले नाही. चौदा महिने झाले. सुंदराकडे पाहिले की वाटे, पोरगा मेला नाही हे सांगावे, आणि लगेच वाटे, त्याला आपण नकोत हे कसे सांगावे. चंचलकडे पाहिले की वाटे, हिला सांगितले तर ही जाईल, आणि मग या घरात माझ्याशी बोलणारे कोण उरेल. हे दुसरे कारण पहिल्याहून मोठे होते. मला त्याची लाज वाटते. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज पाकीट तसेच खिशात राहायचे. लूम बिघडला तर हात घालता येतो. इथे कुठे हात घालावा ते मला कळले नाही.

तरी हे पत्र ~~माझ्या मृत्यूनंतर~~ आज दुपारी चंचलला द्यावे. हाच कोर्टासाठी पुरावा आहे.

(वरचे खोडलेले शब्द चंचलने खोडले व नवे तिनेच लिहिले. ती म्हणाली, "आते द्या." मी दिले. खाडाखोड मला मान्य आहे, बाजूला सही केली आहे.)

तिने पत्र दारात उभे राहून वाचले. मग विचारले, "मामा, चौदा महिना मी सोमवार करात. तुम्हले दिसे नही का?"

दिसत होते. ती आत जाऊन तोंड धुऊन आली आणि पुन्हा लिहायला बसली. मी म्हटले, राहू दे, ओट्यावरच्या महेशला बोलावतो, तो लिहील. ती म्हणाली, पुढचे सांगा.

कलम ९. गजेंद्र कधी आलाच तर घरावर व चंचलवर त्याचा हक्क नाही. त्याला बसवावे, पाणी द्यावे, जेवू घालावे. हाकलू नये. तो माझा मुलगा आहे आणि एवढे मला लिहवावेच लागते.

कलम १०. सुंदराला मी स्वतः उद्या सांगेन असे लिहवत होतो. चंचल म्हणाली की हे ती लिहिणार नाही, कारण मी सांगणार नाही. म्हणून हे कलम रिकामे सोडले आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले. बरोबर आहे. यापूर्वी दुसरा असा कागद मी केलेला नाही.

ठिकाण: पर्वत पाटिया, सुरत
तारीख: १२ जुलै १९९८

सही: लोटू दगा बोरसे (हात कापतो म्हणून वाकडी)

साक्षीदार, ज्यांनी मजकूर वाचला नाही, सही होताना पाहिली:
१. बळीराम सखाराम पाटील, दुकानदार
२. महेश तुळशीराम खैरनार, कारखान्यातील सहकारी

लिहून घेणार: मामांनी सांगितले तसे लिहिले. पत्र पाकिटासह मिळाले. उद्या सोमवार, मी जेवणार आहे.
चंचल पंडित देवरे