राजपुत्राच्या मापाची पेटी

पुराचा ऋतू, दुसरा महिना, दिवस ३

आज पोहोचलो. नाव धक्क्याला लागली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं, आणि थोरल्या राजांचा पिरॅमिड असा तळपत होता की कपाळावर हात धरूनच मी या गावात पाऊल टाकलं. अबिदोसहून निघताना बहीण म्हणाली होती, मेलेल्यांच्या गावाला कशाला जातोस. इथे पाहतो तर मेलेल्यांच्या जिवावर जित्यांची चंगळ आहे. मला चार खोल्यांचं घर मिळालं आहे, माडीवर वारा आहे, अंगणात अंजिराचं झाड आहे.

मुख्य पुजारी अंखू स्वतः धक्क्यावर आले होते. गोल, गुळगुळीत, भुवयासुद्धा भादरलेला हसरा माणूस. मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहून म्हणाले, “रेनसेनेब, आमच्या दारांच्या चौकटी फोडाव्या लागणार तुझ्यासाठी.” लहानपणापासून ऐकत आलोय. मीही हसलो.

काम मनाजोगतं आहे. नव्या महाराजांचे चुलते, म्हणजे थोरल्या राजांचे धाकटे राजपुत्र, चाळीस वर्षांपूर्वी इथे पुरले गेले. आता महाराजांना ते आपल्या स्वतःच्या पिरॅमिडशेजारी हवे आहेत. पुराचे चार महिने सरले की पेरणीचा ऋतू; त्याच्या तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी दरबारची माणसं येऊन त्यांना नेतील. त्यासाठी नवी शवपेटी होते आहे, आणि तिच्या आतल्या चारी बाजूंवर परलोकीच्या वाटेचे मंत्र मी लिहायचे आहेत. अशी कामं लेखकाला जन्मात एकदा मिळतात.

दिवस ९

रांधायला शेजारची हेतेपीमावशी आहे. पन्नाशीची विधवा, तोंडाने तिखट, हाताला चव. थडग्यात दगडी भिंतीवर कोरलेलं खोटं दार असतं, त्यापुढे रोज सकाळी राजपुत्रांचा नैवेद्य मांडतात. दुपारी तेच अन्न गावात वाटलं जातं. आज भाजलेलं बदक होतं. मावशी म्हणते, “राजपुत्र वास खातात, आपण हाडं चघळतो, कुणाचंच पोट बिघडत नाही.” मला ती बगळेबुवा म्हणते. मी बदकाचा दुसरा पाय मागितला, तर म्हणाली, बगळ्याला एवढे लांब पाय असताना आणखी कशाला हवेत.

पेटीचं लाकूड देवदाराचं आहे. सुतार जाफ कमी बोलतो, पण हात सोन्याचा. उत्तरेकडची बाजू आज पुरी झाली. अक्षर इतकं छान उतरलं की मी स्वतःच दोनदा वाचून काढलं.

दिवस १६

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. पेटीच्या बाहेर, डोकं येतं तिथे दोन डोळे रंगवतात, म्हणजे डाव्या कुशीवर निजवलेल्या मृताला उगवता सूर्य दिसतो. जाफ म्हणाला, डोळ्यांची जागा ठरवायची आहे, जरा आत निजता का. मी निजलो. डोकं, खांदे, टाचा, सगळं बरोबर बसलं. बोटभरसुद्धा जागा उरली नाही. त्याने माझ्या डोळ्यांसमोर खूण केली.

बाहेर येऊन मी चेष्टेने म्हटलं, राजपुत्रही बगळाच होते म्हणायचं. जाफ म्हणाला, हो, फार उंच होते म्हणतात. मग मी विचारलं, त्यांच्या जुन्या पेटीचं माप का नाही घेतलं. तो म्हणाला, उगाच कोण त्यांची झोपमोड करणार.

बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. लाकडाचं माप घेताना तो लाकडाकडेच बघतो म्हणा.

दिवस २४

राजपुत्रांची एक पदवी नीट लिहायची होती, म्हणून भर दुपारी थडग्याकडे गेलो. पहारेकरी सावलीत झोपला होता. मागच्या अंगाला वाळू खचलेली दिसली. उकरलं तर आत कच्च्या विटांनी बुजवलेलं भोक. वीट ओली नव्हती, पण नवी होती. कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा तीवर स्वच्छ होता. दोन विटा निघाल्या. खांद्यापर्यंत हात घातला.

हाताला चिंध्या लागल्या. बाहेर काढल्या. राळेत भिजवलेल्या मढ्याच्या पट्ट्या होत्या, अर्ध्या जळालेल्या, आणि त्यांत गुंडाळलेलं बोटाचं एक पेर. चोर सोन्यासाठी देह जाळतात हे ऐकून होतो. सोनं वितळून खाली उरतं.

विटा परत लावल्या. पेर आत ठेवताना क्षमा मागितली, पण कुणाचं नाव घेऊ ते कळेना.

म्हणजे आत राजपुत्र नाहीत. रोजचा नैवेद्य कुणापुढे मांडतात? आणि मी लिहितो आहे ती पेटी कुणाची?

तिसरा महिना, दिवस २

कुणाशी बोललो नाही. सकाळी अंखूंना सहज विचारलं, थडगं कधी फुटलं होतं का. म्हणाले, छे रे. हसू होतं तसंच होतं. मग माझ्या दातांची तारीफ केली. या वयात पूर्ण बत्तीस.

हेतेपीमावशीही चौकशा करते. बायको कधी वारली, मूलबाळ का नाही, बहिणीचा नवरा कुठे असतो, तो कधी चौकशीला येईल का. पूर्वी वाटायचं, माया आहे.

दिवस ७

नावेतून मीठ उतरलं. मढी वाळवायचं मीठ, बावीस गोणी. कालव्याकाठी मढी राखणाऱ्या कारागिरांचा तंबू उभा राहतो आहे. गावात मयत नाही. कुणी आजारीही नाही.

धुणं घेऊन जाणाऱ्या मावशीला विचारलं, कोण गेलं. ती थांबली. म्हणाली, “अजून कुणी नाही.” आणि चालू लागली.

एक गोष्ट आता आठवते. अंखूंचा माणूस अबिदोसच्या शाळेत आला तेव्हा त्याने आम्हा लेखकांची अक्षरं पाहिली नव्हती. भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं होतं.

दिवस ८

निघायचं ठरवलं. पण चहूकडे पूर. गावाचं बेट झालंय. नाव एकच, मंदिराची. नावाडी म्हणाला, पुजारीबाबांनी सांगितल्याशिवाय दोर सुटणार नाही. मी न विचारताच पुढे म्हणाला, या दिवसांत पाण्यात मगरी फार.

दक्षिणेकडची बाजू अजून कोरी आहे. मंत्र पुरे होईपर्यंत त्यांना माझा हात हवा. रोज दोनच ओळी लिहितो. एक खोडतो.

दिवस १३

अंखूंच्या लक्षात आलं. पेटीपाशी आले, ओळी मोजल्या, खाली बसले. मी सगळं बोलून टाकलं: विटा, पट्ट्या, मीठ. ते नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी नाकारलं नाही. उलट हलकं वाटल्यासारखे बोलत राहिले.

म्हणाले, चोरी तीन वर्षांपूर्वी झाली. या एका नैवेद्यावर चाळीस घरं जगतात. थडगं रिकामं निघालं तर दरबार पहारेकऱ्यांपासून पुजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सुळावर देईल. नुसतं चिंध्यांचं गाठोडं चालणार नाही. मृताला परलोकी खाता-बोलता यावं म्हणून दरबारचा पुजारी तोंड उघडण्याचा विधी पुन्हा करणार, चेहऱ्यावरची पट्टी दूर होणार. उंच मढं मिळावं म्हणून वर्षभर वाट पाहिली. “काय करणार बाबा,” ते म्हणाले, “उंच माणसं मरतच नाहीत.”

मी म्हटलं, मरणाला मी घाबरत नाही. मी तर मंत्र लिहिणारा माणूस. पण दुसऱ्याच्या नावाने पुरलात, तर नैवेद्य दुसऱ्याच्या नावाने येईल, हाक दुसऱ्याच्या नावाने येईल. माझा जीव पाखरू होऊन परत येईल तेव्हा आपला देह ओळखणार कसा? तुम्ही मला एकदा नाही, दोनदा मारता आहात.

त्यांनी लिहिलेल्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे. तुझ्यासारखा लेखक मलाही ठेवायला आवडेल. मला उंच माणूस हवा, रेनसेनेब. तूच हवास असं कुठे आहे?

दिवस १४

त्यांनी पुढचंही सांगितलं. पश्चिमेच्या टेकडीत मला थडगं. दारावर माझं नाव, आईचं नाव, खोल कोरलेलं. रोज भाकरी आणि जवाची दारू. परलोकी हृदय पिसाशी तोललं जातं तेव्हा ते आपल्याविरुद्ध बोलू नये, म्हणून छातीवर ठेवायला हिरव्या दगडाचा भुंगा. दगड त्यांनी हातात दिला. चांगला जड आहे.

मी परत दिला.

दिवस १५

कारागीर येऊन माझी हनुवटी वर करून बघून गेले.

दिवस १६

मागून घेतला.

दिवस १७

पत्र लिहिलं. शाळेत आम्ही दोघे बगळे होतो, मी आणि इमेरू. एका बाकावर मागे बसवायचे. त्याला काम नाही हे मला ठाऊक होतं. लिहिलं, की इथे घर आहे, अंजिराचं झाड आहे, काम दोघांना पुरेल. खोटं एकही वाक्य नाही. दोनदा तपासलं.

दिवस २६

तो येणार नाही. दूर आहे, पूर आहे. आळशी तर पहिल्यापासूनच आहे.

चौथा महिना, दिवस ४

दक्षिणेची बाजू पुरी. अंखू खूश. टेकडीत माझं दार कोरायला घेतलंय. पाहून आलो. नाव खोल आहे.

मावशी आता मला बगळेबुवा म्हणत नाही. ताट ठेवते, जाते.

दिवस ११

इमेरू आला. धक्क्यावरून हाका मारत आला. केस पिकलेत, हसणं तेच. म्हणाला, “लेका, तू तर राजा झालास.” मिठी मारली तेव्हा आमचे खांदे एका रेषेत होते. अंखू बघत होते.

कांद्यांची जुडी आणली आहे, स्वतःच्या वाफ्यातली. घरी रोज दिवा लावताना माझं नाव घेतात म्हणे. बायको पण घेते. पत्र आलं त्या दिवसापासून.

दिवस १२

सांगायचं. उद्या सांगायचं. दोघं मिळून नाव सोडवू — दोघांचे हात —

नावाडी एकटाच असतो दुपारी —

दिवस १३

जाफने त्याला बोलावलं. डोळ्यांची जागा नीट आहे का बघायला. मी गेलो नाही. इथून हसू ऐकू आलं त्याचं.

मढं राखायला सत्तर दिवस लागतात. आज धरून — दरबार यायला अठ्ठ्याहत्तर उरले. अंखू म्हणाले, बास झालं आता. उद्या सकाळी.

आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तो खाली अंगणात —

दिवस १३, नंतर

अंजिराखाली बसलो. तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. तोच आधी बोलला. बायकोला दिवस गेलेत. हे घर एवढं मोठं, पाणी ओसरलं की तिला इकडेच घेऊन येऊ का, बाळंतपण इथेच होऊ दे, तू आहेस ना, असं विचारत होता. माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी त्याला म्हणालो, की हो, घर मोठं आहे, आण तिला.