सातव्या महिन्याचं नाक

९ आबान

आजही तेच. न्हाणीघरातल्या दिव्याखाली फोटो काढले — डावीकडून, उजवीकडून, समोरून. नाकाचा शेंडा बटाट्यासारखा! उन्हाळ्याच्या तोंडावर, खोर्दादमध्ये ऑपरेशन झालं, आता आबान लागून पानगळ सुरू झाली, तरी बटाटा तो बटाटाच.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टर मुसफ्फांना फोन केला. तेच पालुपद — "सूज आहे ती बाई, नाक नव्हे. वर्षभर थांबा. आणि तो फोन तोंडाशी धरून फोटो काढणं बंद करा. जवळचं असतं ते फोन मोठं दाखवतो. दुसऱ्या कुणाला तरी लांबून काढू द्या."

दुसऱ्या कुणाला! एकदा नाक दुसऱ्याच्या हाती दिलं, तेवढं पुरे झालं.

उन्हाळाभर, नाकावर भार नको म्हणून, चष्मा कपाळाला चिकटपट्टीने टांगून मी चष्मे विकले. हसू नये तर काय करावं? दुकानात भिंतीभिंतीला आरसे. गिऱ्हाईक फ्रेम लावून स्वतःला न्याहाळतं आणि मागे माझं नाक उभं असतं.

११ आबान

शुक्रवार. अख्तरमावशीकडे जेवण. दारातच सुरू — "माशाल्ला! चंद्राचा तुकडा! महरुख जान, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते गं!"

मागे आईचा भात करपला होता, तेव्हाही मावशीने जीव ओवाळून टाकला होता. चार घास पुन्हा मागून घेतले होते! आमच्या लोकांना खरं विचारायचं तरी कुणाला? गोड बोलण्यातच सगळ्यांचा जन्म जातो. मी स्वतः दुकानात दुसरं काय करते? "खानुम, ही फ्रेम तुमच्यासाठीच बनलीय!"

आई मात्र गप्प होती. ती गप्प असली की मला जास्त राग येतो. ऑपरेशनच्या आधी एकदाच बोलली होती — "बाबांचं नाक आहे ते. ते गेले, आता घरात त्यांचं तेवढंच तर दिसतं." असं कुणी बोलतं का? त्यांचं नाक त्यांना शोभत होतं. मला चौदाव्या वर्षापासून वर्गातल्या मुली 'गरुड' म्हणायच्या.

१९ आबान

खरं बोलतात ते फक्त फोनवरच्या नाकवाल्यांच्या, म्हणजे नाक कापून घेतलेल्यांच्या गटात. नियम साधा — डोळे झाकायचे, ऑपरेशननंतरचा कितवा महिना ते लिहायचं, फोटो टाकायचा. खरी नावं नाहीत, म्हणून गोडवाही नाही. मी तिथे 'साळिंदर'. आता मला घाबरतात! "शेंडा पडलाय", "एक नाकपुडी मोठी", "पैसे पाण्यात" — मी आडपडदा ठेवत नाही. आज एक बाई रडकुंडीला आली. रडू दे. मलाही कुणी सोडलं नव्हतं.

माझे न्हाणीघरातले फोटो टाकले होते ना. अर्धे म्हणाले थांब, अर्धे म्हणाले वाटोळं झालंय, दुसरा डॉक्टर गाठ. थांब म्हणणारे आमच्या मावशीचेच भाऊबंद असणार.

३ आझर

आझर महिना लागताच दुसरा डॉक्टर गाठला. डॉक्टर सुतूदे. त्यांनी बोटाने नाक चाचपलं, म्हणाले, "वर्ष झालं असतं तर बरं. एवढ्यात पुन्हा कापलं तर आतला आधार खचू शकतो. मग मात्र ते सावरणं अवघड." मी फोन पुढे केला. एकेक फोटो दाखवला. त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, "तुम्ही एवढ्या दुःखी असाल तर..."

आहे मी दुःखी. तारीख मिळाली. २४ आझर, शनिवार.

४ आझर

आईला सांगितलं. हातातला चहाचा पेला तिने तसाच खाली ठेवला.

"आत्ता कुठे तुझा चेहरा तुझ्यासारखा दिसायला लागला होता, महरुख."

"कुठल्या माझ्यासारखा? बाबांसारखा म्हणायचंय तुला!"

"नाही गं. तुझ्यासारखाच. मला सवय झाली होती. आवडायला लागलं होतं."

मी भडकले. वाटेल ते बोलले. शेवटी बजावलं — आता या घरात नाकाबद्दल एक अक्षर काढायचं नाही. कुणी काही सांगायचं नाही, काही दाखवायचं नाही. काढलंस तर मी त्या दिवसापासून मावशीकडे राहायला जाईन. आई म्हणाली, "बरं."

'बरं' म्हणून गप्प बसणारी माणसं फार छळतात.

९ आझर

दिवसभर खिडकीपाशी मेथी निवडली. आई समोर, फोनशी चाळा करत. मावशीशी काहीतरी चाललं असेल. अबोला चालूच. मी मान वर केली नाही.

१७ आझर

हवेत धूर. शाळा बंद, रस्त्यावर सगळ्यांच्या तोंडावर मास्क. माझी तर चंगळ! आज दुकानात एक माणूस म्हणाला, "खानुम, तुमचे डोळे फार सुंदर आहेत." मास्क होता म्हणून बोलला. काढला असता तर चष्मा न घेताच गेला असता.

१८ आझर

गटात आज एक फोटो आला. नवीनच कुणीतरी आहे, 'मेहमान' नावाने. फक्त एवढंच — "सातवा महिना. खरं सांगा, पुन्हा ऑपरेशन करावं का?" बरेच जण म्हणत होते, जरा शेंडा उचला, जरा इथे खरवडा. यांना कुणालाच काही कळत नाही.

फोटो लांबून काढलेला, एका बाजूने. डोळ्यांवर डाळिंबाचं चित्र चिकटवलंय, ओबडधोबड. बाई मान खाली घालून काहीतरी काम करतेय. खिडकीचा उजेड. आणि काय नाक! सरळही नाही पूर्ण, कपाळाखाली किंचित उंचवटा ठेवलाय — तेवढ्यानेच ते माणसाचं नाक वाटतं, दुकानात मांडलेलं नाही. एवढं असून हिला पुन्हा कापून घ्यायचंय! मला इतका राग आला! काहींना देव देतो आणि ओळखायची अक्कल देत नाही.

आयुष्यात पहिल्यांदा साळिंदराने चांगलं लिहिलं — "हात लावू नका. डॉक्टर म्हणाले तरी लावू नका. असं नाक मला मिळालं असतं तर मी घरातला प्रत्येक आरसा रोज पुसला असता."

लिहिलं आणि खूप रडले. हेव्याने रडू येतं हे माहीत नव्हतं.

२३ आझर

उद्या सकाळी उपाशीपोटी जायचंय. आई दोनदा माझ्या खोलीच्या दारात आली, हातात फोन. "महरुख..." म्हणाली. मी म्हटलं, "नाकाबद्दल असेल तर नको." फोन तसाच हातात घेऊन ती गेली.

२९ आझर

घरी आणलंय. तोंडावर प्लास्टर, डोळ्यांखाली जांभळं. लिहिवत नाही. डॉक्टर सुतूदे म्हणाले, आतला आधार खचलाय. जमेल तेवढं केलं. पुढे बघू. पुढे म्हणजे काय, ते सांगितलं नाही.

उद्या यल्दा, वर्षातली सगळ्यात लांब रात्र; सगळे जमून डाळिंबं खात जागतात. मावशी येईल, म्हणेल चंद्राचा तुकडा!

३० आझर

आई डाळिंब सोलून देत होती. मध्येच हात पुसले, फोन आणला. "आता झालं ते झालं, आता तरी बोलू का? तू मेथी निवडताना मी तुझा एक फोटो काढला होता. अख्तरने मला त्या नाकवाल्यांत घातलं, तिथे टाकला. तू काही दाखवू नको म्हणालीस म्हणून आलेलं उत्तर ठेवून दिलं होतं." मग चष्मा लावून अडखळत वाचायला लागली, "हात लावू नका. डॉक्टर म्हणाले तरी..."

पूर्ण वाचलं तिने. आरशापर्यंत.

"ही साळिंदर कुणालाच चांगलं म्हणत नाही म्हणे," आई म्हणाली. "कोण असेल गं ही बाई?"

मी म्हटलं, माहीत नाही.