चार दिवस सारखेच अकरा

प्रिय,

हा शब्द लिहिताना आज पेन अडलं, पण मायना गाळायची मला सवय नाही.

तुमचं पाकीट मंगळवारी मिळालं. त्यात घड्याळाच्या नोंदींचे बारा कोरे तक्ते, एक चामडी पट्टा आणि दीड पानाचं पत्र निघालं. तिकिटं कमी लावली होतीत, म्हणून पोस्टमनने दंड माझ्याकडून घेतला. अर्धा किलो साखरेचे पैसे मोजून मी काय सोडवून घेतलं, तर "चार दिवस कुठे होतीस?" हा प्रश्न.

प्रश्न विचारलात त्याचा राग नाही. नवऱ्याने विचारावं. राग आहे त्याच्या वरच्या ओळीचा. "तू माणसांना फसवशील, घड्याळाला फसवता येत नाही." सोळा वर्षांच्या संसारात मी कुणाला फसवलं, एक तरी उदाहरण द्या.

दोन वर्षांच्या करारावर तिकडच्या घड्याळांच्या कारखान्यात निघालात, तेव्हा स्वतः जुळवलेलं हे ऑटोमॅटिक घड्याळ माझ्या मनगटावर तुम्हीच बांधलंत. हात हलला की आतलं वजन फिरतं, स्प्रिंग भरते, चावी द्यायला नको; नुसतं पडून राहिलं तरच द्यायची. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्याशी ताडून कालपासून किती सेकंद पुढे गेलं, किती मागे पडलं ते लिहायचं. वर्षभराचे आकडे चांगले निघाले तर तुमचे मुख्य कारागीर तुम्हाला जुळणीच्या टेबलावर घेणार. मला तेवढं पुरे होतं. पुरुषी घड्याळ, माझ्या हातावर ताटलीएवढं. पीठ मळताना त्यावर फडकं गुंडाळायची. समोरची शिंपीण म्हणायची, "नवऱ्याला धाडलंस परदेशी आणि मनगटाला बांधून फिरतेस होय गं?" मी हसायची. सकाळी पोथी झाली की रेडिओ, मग तक्ता. चार पुढे. सहा पुढे. धुण्याचा ढीग असला त्या दिवशी दोनच. देवासमोर बसून लिहिलेले आकडे आहेत ते. एक सेकंद इकडचा तिकडे केला नाही.

आणि मग बारा ते पंधरा तारखेपर्यंत रोज अकरा पुढे. तुम्ही लिहिता, कुणाचाही हात दोन दिवस सारखा हलत नाही, म्हणून हातावरचं घड्याळ दोन दिवस सारखं चालत नाही. चार दिवस अकरा म्हणजे ते कुठेतरी उताणं पडून होतं आणि रोज कुणीतरी चावी देत होतं. अगदी बरोबर. कारागीर म्हणून तुम्हाला शंभरपैकी शंभर. "हातावर की काढून ठेवलेलं" हा रकाना मी चारही दिवस कोरा सोडला, तेही तुम्ही हेरलंत. पण उताण्या घड्याळावरून थेट माझ्या चारित्र्यावर कसे आलात? "ज्याच्याकडे राहिलीस, त्यानेच चावी दिली असेल." लिहिताना हात जड नाही झाला? पाकीट चिकटवताना तरी?

मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही, पण एवढं मलाही कळतं. लपवायचंच असतं तर चार, सहा, दोन, पाच असं काहीही भरलं असतं आणि तुम्हाला जन्मात पत्ता लागला नसता. खोटा आकडा माझ्या हातून उतरेना, म्हणून खरा लिहिला. त्यानेच मी खोटी ठरले.

चावी तुमच्या बहिणीने दिली. घड्याळ इस्पितळात होतं, माझ्या खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर. अकरा तारखेला माझ्या पोटातली गाठ काढली. अंगावर धातू नको म्हणून नर्सने घड्याळ उतरवलं, नंतर त्याच हाताला सलाइन लावलं. बहीण रडत म्हणत होती, "वहिनी, दादाला तार करते." मीच अडवलं तिला. तार मिळताच तुम्ही करार मोडून निघाला असतात आणि जुळणीचं टेबल दुसऱ्याला गेलं असतं. फॉर्मवर नवऱ्याच्या जागी तिने सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाके ओढत असताना मी वॉर्डातल्या रेडिओचा ठोका ऐकला आणि अकरा लिहिलं. कुशीवर वळता येत नव्हतं, तक्ता छातीवर धरून लिहिलं. अक्षर वाकडं आलंय, ते मात्र तुमच्या नजरेतून सुटलं.

हे सगळं तुम्ही परत आल्यावर निवांत सांगणार होते, असं तोंडावर फेकणार नव्हते. पण काल गाठीचा अहवाल आला. गाठ साधी नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुन्हा उघडावं लागेल, या खेपेला ऑपरेशन मोठं आहे, नवऱ्याला बोलवा. पुढच्या महिन्याची सहा तारीख दिली आहे. पाचला दाखल करून घेतील. मला भीती वाटते आहे. देवाजवळसुद्धा हे बोलले नाही. तुमच्यावर इतकी चिडलेली असूनही तुम्हालाच लिहिते आहे, कारण दुसरं कुणाला लिहू? माफीचं पत्र नको, ते वाचायला अंगात जोर नाही. येणार की नाही, येणार असाल तर कोणत्या तारखेला पोचाल, एवढंच उलट टपाली कळवा.

तुमचीच