हिरव्या टेकडीचे वाटेकरी

बाबा, तुमच्यावर रागावून लिहीत नाही, तुमच्या विद्यार्थ्यांवर जळून लिहिते आहे. गांधीबागेच्या बाजारात साडी घ्यायला गेले होते. दुकानदार बोलता बोलता म्हणाला, वरच्या माळ्यावर पूर्वी कम्प्युटर क्लास होता, मी तिथेच शिकलो. तुमचाच क्लास. मी तुमची कोण, हे काही सांगितलं नाही, नुसतं "मलाही माहीत आहे तो" म्हटलं, तर त्याने मला जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरच घेतलं. तिथे रोज भांडणं. विंडोज अठ्ठ्याण्णव शिकलेले म्हणतात, खरं मशीन आमचं; त्यानंतरचे विंडोज एक्सपीवाले म्हणतात, तुमच्या पडद्याला धड रंग तरी होता का? मध्येच कोणी अफवा सोडतो, "एक्सपी वापस येऊन राहिली म्हणे," आणि चाळिशी ओलांडलेली माणसं पोरांसारखी खूश होतात. "आधी रिफ्रेश मारा गा, मशीनले दम घेऊ द्या," हे तुमचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे.

मलाही पाठ आहे, पण दाराजवळच्या स्टुलावरून ऐकलेलं. मी तुमचा डबा घेऊन यायची. चपला बाहेर काढायच्या, कारण चपलेने व्हायरस आत येतो असं तुम्ही गंभीरपणे सांगायचात आणि सगळे ऐकायचे. तुम्ही एखाद्याच्या खुर्चीमागे उभे राहून, त्याच्या हातावर हात ठेवून माउस फिरवायचात. मी रिकाम्या खुर्चीकडे नुसतं पाहिलं तरी म्हणायचात, "फीवाल्याची जागा हाय ते. तू घरी शिक वं." घरी कम्प्युटर होता कुठे? घर की मुर्गी दाल बराबर, आई म्हणायची.

माझं म्हणून एकच होतं. आपण कुहीला आत्याकडे निघालो आहोत. तुम्ही मध्येच स्कूटर थांबवता. धानाच्या बांध्यांपलीकडे एक टेकडी, हिरवीगार, वर पांढरे ढग. तुम्ही हळूच म्हणता, "पाह्य वं, एक्सपीच्या पडद्यावरची टेकडी हेच. इथंच फोटो काढला त्याईनं. कोनाले सांगू नको." मी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. पुढे कळलं की ती टेकडी सातासमुद्रापार आहे, तरी मी कुहीची टेकडी सोडली नाही. खोटी असली तरी तुम्ही मला एकटीला दिली होती.

परवा ग्रुपवर कोणी एक्सपीच्या पडद्यावरचा तोच फोटो टाकला. वाडीचा एक ट्रान्सपोर्टवाला लिहितो, "सरनं मले सांगतलं होतं, हे आमच्या वाडीमागची टेकडी. कोनाले सांगू नको म्हने." लगेच दुसरा, "काहून गा, मले तर उमरेड रोडची सांगतली!" मग नुसता हसण्याचा धुमाकूळ. मी फोन पालथा ठेवला. गॅसवर भाजी करपली. इतका जळफळाट सवत आली असती तरी झाला नसता. शिकवणं त्यांना दिलंत ते दिलंत, थापसुद्धा वाटून टाकलीत?

थोड्या वेळाने दुकानदाराने विचारलं, "ताई, तुमी काही बोलून नाही राहिल्या. तुमची बॅच कोनती?" सरांची मुलगी आहे म्हटलं असतं तर सगळ्यांनी हात जोडले असते, पण मग आठवणी मागितल्या असत्या. हे पत्र पाठवायला, तुम्ही देवाघरी गेलात तिथला पत्ता नाही, म्हणून इथेच कबूल करते. मी लिहिलं, "एक्सपीवाली. सरांनी मला जवळ बसवून शिकवलं."